भाजलेली कातडी आणि फुप्फुसांचा दाह

अंग भाजले म्हणजे कातडी पोळली, फोड आले, जखम झाली. जखम भरून आली की संकट टळले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. लहानसहान भाजण्याच्या बाबतीत ही समजूत खरीही आहे. चुलीचा चटका किंवा तव्याचा डाग आठ-पंधरा दिवसांत बरा होतो व माणूस आपल्या कामाला लागतो. परंतु अंगाचा मोठा भाग भाजला असता इजा कातडीपुरती राहत नाही. ती साऱ्या शरीराची व्याधी बनते, आणि तिचा एक अत्यंत कठीण तडाखा ज्या अवयवाला बसतो तो अवयव आगीच्या जवळही गेलेला नसतो. तो अवयव म्हणजे फुप्फुस होय.

असा रुग्ण पहिल्या दिवशी पुष्कळदा शुद्धीवर असतो. तो बोलतो, पाणी मागतो, घरच्यांना धीरही देतो. त्यामुळे घरच्या मंडळींना वाटते की, मलमपट्टी केली म्हणजे भागेल. तालुक्याला नेण्याची घाई कशाला? पुढे दोन-चार दिवसांत त्याला धाप लागते, ओठ काळेनिळे पडतात, आणि मग धावपळ सुरू होते. तोवर मोलाचा वेळ निघून गेलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक लोक मध्यम वा गंभीर स्वरूपात भाजतात. त्यांतील कित्येकांना पहिली मदत डॉक्टरांकडून न मिळता शेजाऱ्यांकडून, आशा स्वयंसेविकेकडून किंवा गावपातळीवरील एखाद्या कार्यकर्त्याकडून मिळते. यास्तव भाजलेल्या कातडीचा आणि फुप्फुसाचा संबंध काय, हे प्रत्येक कार्यकर्त्याने व शेतकऱ्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

गावात भाजण्याचे प्रसंग

खेड्यात विस्तवाशी रोजचाच संबंध येतो. गुऱ्हाळावर काहिलीतील उकळता रस अंगावर उडतो. चुलीसमोर बसलेल्या बाईच्या लुगड्याचा पदर पेट घेतो, आणि ते वस्त्र नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याचे असेल तर ते वितळून अंगाला चिकटते. रॉकेलच्या स्टोव्हचा भडका उडतो. उसाचे पाचट किंवा बांधावरचे गवत पेटविले असता वारा फिरतो व माणूस आगीत सापडतो. कडब्याची गंजी, गोठा, गवताने शाकारलेले छप्पर ही तर आगीची ठरलेली ठिकाणे होत. अशा वेळी जनावरे सोडविण्यासाठी माणसे धुरात शिरतात. लहान मुलांच्या बाबतीत मात्र उकळते पाणी, चहा आणि वरणाचे भांडे अंगावर सांडणे हे मोठे कारण असते.

ह्या सर्व प्रसंगांत फुप्फुसाला धोका पोहोचण्याच्या वाटा दोन आहेत. एक वाट श्वासाची व दुसरी रक्ताची. पहिली वाट बहुतेकांना ठाऊक असते. दुसरी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती दुर्लक्षित राहते.

श्वासाची वाट

बंद खोलीत, गोठ्यात किंवा छपराखाली आग लागली असता माणूस गरम हवा व धूर श्वासावाटे आत घेतो. कोरड्या हवेत उष्णता साठवून ठेवण्याची शक्ती थोडी असते, आणि नाक व घसा तिला वाटेतच निववितात. त्यामुळे उष्णतेने होणारी इजा बहुधा घशाच्या वरच्या भागातच थांबते. तरी तीही लहान समजू नये. भाजलेला घसा पुढील काही तासांत सुजत जातो आणि २४ तासांच्या आत श्वासाची वाट बंद होण्याचा संभव असतो. वाफेची गोष्ट निराळी आहे. वाफ आपल्याबरोबर पुष्कळ उष्णता वाहून नेते व ती खोलवर भाजू शकते.

धुरातील विषारी वायू व काजळीचे कण मात्र थेट फुप्फुसाच्या आतील शाखांपर्यंत पोहोचतात. तेथील नाजूक अस्तराचा दाह होतो, ते सुटून निघते आणि श्वासाच्या बारीक नळ्या तुंबतात. शिवाय धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित वायू असतो. रक्तातील तांबड्या द्रव्याशी त्याची जवळीक प्राणवायूच्या मानाने २०० पटींहून अधिक असते. त्यामुळे तो प्राणवायूची जागा बळकावून बसतो आणि फुप्फुसे हवा ओढीत असली तरी शरीराला प्राणवायू मिळत नाही. लोकर, फोम, प्लॅस्टिक अशा वस्तू जळताना सायनाइडचा विषारी वायूही निघतो.

रक्ताची वाट

आता दुसऱ्या वाटेचा विचार करू. समजा, एखाद्या माणसाच्या पायांवर व पोटावर काहिलीतला रस सांडला. आग नाही, धूर नाही, श्वासावाटे काहीही आत गेलेले नाही. तरीही त्याच्या फुप्फुसांचा दाह होऊ शकतो. हे कसे घडते?

शरीराला कोठेही इजा झाली की तेथे सूज, लाली, उष्णता व वेदना उत्पन्न होतात. ह्यालाच दाह म्हणतात. दाह ही मुळात शरीराची संरक्षणाची व्यवस्था आहे. इजा झालेल्या जागी अधिक रक्त यावे, रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे जमाव्यात, त्यांनी जंतू मारावेत व मेलेली पेशीद्रव्ये साफ करावीत, असा तिचा हेतू असतो. लहान जखमेत हा दाह जखमेच्या जागीच राहतो आणि काम संपले की विझतो.

मोठ्या भाजण्यात मात्र असंख्य पेशी एकाच वेळी फुटतात. एरवी पेशींच्या आत बंदिस्त असलेली द्रव्ये रक्तात मिसळतात. शरीराच्या पहारेकरी पेशी ह्या द्रव्यांना धोक्याची खूण मानतात व साऱ्या शरीरभर इशारा देणारी रसायने सोडतात. वैद्यकशास्त्रात त्यांना सायटोकाइन असे नाव आहे. रक्तातील पूरक प्रथिनांची साखळीही त्याच वेळी जागी होते. ह्या सर्वांच्या चेतावणीने लक्षावधी पांढऱ्या पेशी लढ्यासाठी सज्ज होतात. शत्रू कोठे आहे हे त्यांना नेमके उमगत नाही. पण हत्यारे मात्र परजलेली असतात.

अशा सज्ज पेशी सर्वांत अधिक फुप्फुसातच का अडकतात, ह्याचे कारण फुप्फुसाच्या रचनेत आहे. शरीरातून परत आलेले सगळे रक्त हृदयाच्या उजव्या बाजूने प्रथम फुप्फुसात जाते. दुसऱ्या कोणत्याही अवयवाच्या वाट्याला सगळे रक्त येत नाही. हे रक्त अत्यंत बारीक केशवाहिन्यांच्या जाळ्यातून जाते. ह्या केशवाहिन्या इतक्या अरुंद असतात की पांढऱ्या पेशीला अंग चोरून त्यांतून सरकावे लागते. चेतविलेली पांढरी पेशी ताठर व चिकट होते. तिला अंग चोरता येत नाही, म्हणून ती तेथेच अडकते. गाळणीत ज्याप्रमाणे चोथा साठतो, त्याप्रमाणे फुप्फुसात ह्या पेशी साठत जातात. मग त्या आपल्या जवळची पाचक द्रव्ये व प्राणवायूपासून बनलेली दाहक रसायने तेथेच सोडतात. जंतू मारण्यासाठी असलेले हत्यार अशा रीतीने केशवाहिनीच्या भिंतीवर चालते.

चिबड जमिनीसारखी अवस्था

निरोगी फुप्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात. ते सर्व उलगडून पसरले तर त्यांचे क्षेत्र सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पाऊण गुंठा भरेल. वायुकोशातील हवा व केशवाहिनीतील रक्त ह्यांच्यामध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो. त्या पडद्यातून प्राणवायू रक्तात जातो. केशवाहिनीची भिंत दुखावली की रक्तातील पाणी व प्रथिने पाझरून ह्या पडद्यात व पुढे वायुकोशात उतरतात.

शेतकऱ्याला ही अवस्था सहज समजेल. चांगल्या जमिनीत मातीच्या कणांमध्ये हवा खेळती असते. तीच जमीन चिबड झाली की पोकळ्या पाण्याने भरतात आणि शेजारी भरपूर हवा असूनही पिकाची मुळे गुदमरतात. फुप्फुसाचेही तसेच होते. रुग्ण जोरजोराने हवा आत घेतो, परंतु ती रक्तापर्यंत पोहोचत नाही. त्यात आणखी एक भर पडते. वायुकोशांच्या आतून साबणाच्या फेसाप्रमाणे काम करणारे एक स्निग्ध द्रव्य पसरलेले असते व ते वायुकोश मिटू देत नाही. पाझरलेल्या प्रथिनांमुळे हे द्रव्य निकामी होते आणि वायुकोश मिटत जातात. फुप्फुस जड व ताठर बनते. प्रत्येक श्वासाला अधिक कष्ट पडू लागतात. ह्या गंभीर अवस्थेला तीव्र श्वसनक्लेश विकार म्हणतात.

आतड्यांचाही ह्यात वाटा असतो. मोठ्या भाजण्यानंतर शरीरातील पाणी कमी झाले की हृदय व मेंदू ह्यांना रक्त पुरावे म्हणून आतड्यांचा रक्तपुरवठा आखडतो. उपाशी पडलेल्या आतड्यांचे अस्तर कमकुवत होते. तेथील दाहक द्रव्ये लसिकावाहिन्यांमधून छातीतील मोठ्या शिरेत येतात, आणि तेथून त्यांचा पहिला मुक्काम पुन्हा फुप्फुसातच पडतो. भाजलेल्या माणसाच्या अंगातील पाणी वेळीच भरून काढण्याला एवढे महत्त्व का आहे, हे ह्यावरून ध्यानात येईल.

हे ज्ञान कसे मिळाले

ही गोष्ट एका दिवसात उलगडली नाही. १९२१ साली अमेरिकेतील न्यू हेवन येथे एका नाट्यगृहाला आग लागली. त्या वेळी येल विद्यापीठाचे फ्रँक अंडरहिल ह्यांनी भाजलेल्या रुग्णांच्या फोडांतील पाणी तपासले. ते रक्तातील द्रवाशी मिळतेजुळते असल्याचे त्यांना आढळले. भाजलेल्या माणसाचे रक्त दाट होते, कारण त्यातील द्रव वाहिन्यांबाहेर पाझरतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

२८ नोव्हेंबर १९४२ रोजी बोस्टन शहरातील कोकोनट ग्रोव्ह ह्या रात्रीच्या करमणूकगृहाला आग लागून ४९२ लोक मृत्युमुखी पडले. तेथील रुग्णांवर उपचार करताना डॉक्टरांना दिसून आले की, काहींच्या अंगावर भाजल्याच्या खुणा थोड्या असूनही त्यांची फुप्फुसे वाईट रीतीने दुखावली होती. भाजलेल्या रुग्णाची फुप्फुसे स्वतंत्रपणे तपासली पाहिजेत, हा धडा त्या दुर्घटनेने घालून दिला.

१९६७ साली डेन्व्हर येथील डॉक्टरांनी १२ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी काहींना अपघाताची इजा झाली होती, तर काहींना इतर आजार होते. कारणे निरनिराळी असूनही सर्वांची फुप्फुसे सारख्याच प्रकारे जड व ताठर झाली होती. तीव्र श्वसनक्लेशाचा विकार तेव्हापासून स्वतंत्रपणे ओळखला जाऊ लागला. पुढे १९८० नंतरच्या दशकात मिशिगन विद्यापीठातील गेर्ड टिल व पीटर वॉर्ड ह्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. धुराचा संबंध येऊ न देता केवळ कातडी भाजली असताही काही तासांत उंदरांच्या फुप्फुसातील वाहिन्या पाझरू लागल्या. रक्तातील पांढऱ्या पेशी आधीच कमी केल्या तर ही इजा सौम्य होत असे. कातडीपासून फुप्फुसापर्यंतची रक्ताची वाट अशा रीतीने प्रयोगाने सिद्ध झाली.

किती भाजले हे ओळखणे

फुप्फुसाचा धोका मुख्यतः भाजलेल्या क्षेत्राच्या प्रमाणात वाढतो. हे क्षेत्र अदमासण्याची रीत सोपी आहे. रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसह धरला तर तो त्याच्या अंगाच्या सुमारे १ टक्का भरतो. मोठ्या माणसासाठी नवाचा नियमही उपयोगी पडतो. डोके व मान मिळून ९ टक्के, प्रत्येक हात ९ टक्के, छाती व पोट मिळून १८ टक्के, पाठ १८ टक्के, प्रत्येक पाय १८ टक्के आणि जांघेचा भाग १ टक्का. लहान मुलांचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते, म्हणून त्यांच्यासाठी तळहाताचे माप वापरणे बरे. नुसती लाल झालेली, फोड न आलेली कातडी ह्या मोजणीत धरू नये.

मोठ्या माणसाचे १५ टक्क्यांहून अधिक व लहान मुलाचे १० टक्क्यांहून अधिक अंग भाजले असेल, तर त्याला शिरेतून द्रव देणे भाग पडते. असा रुग्ण कितीही शांत दिसला तरी त्याला घरी ठेवू नये. चेहरा, हाताचे पंजे, पावले, सांधे व जांघ ह्या जागा भाजल्या असतील, किंवा विजेच्या धक्क्याने भाजले असेल, तर क्षेत्र थोडे असले तरी रुग्णाला दवाखान्यात न्यावे. बंद जागेतील धुरात सापडलेल्या माणसाच्या अंगावर एकही फोड नसला तरी त्यालाही न्यावे.

पहिल्या तासातील कर्तव्य

कपड्यांनी पेट घेतला असेल तर माणसाला पळू देऊ नये. त्याला जमिनीवर आडवे करून लोळवावे किंवा जाड घोंगडी अथवा गोधडी टाकून ज्वाला विझवाव्यात. ज्वाला विझताच ते पांघरूण काढून घ्यावे, कारण त्याखाली उष्णता कोंडते. जळके कपडे, बांगड्या, अंगठ्या, जोडवी व करदोटा सूज येण्यापूर्वी काढावेत. कातडीला चिकटलेले कापड मात्र ओढू नये.

त्यानंतर भाजलेल्या जागेवर साधे थंड, स्वच्छ पाणी २० मिनिटे सोडावे. पंपाचे किंवा नळाचे वाहते पाणी उत्तम. ते नसेल तर तांब्याने ओतीत राहावे. काही कारणाने उशीर झाला असला तरी भाजल्यापासून ३ तासांपर्यंत ह्या उपायाचा उपयोग होतो. पाण्यामुळे खोल जाणारी उष्णता थांबते व मरणाऱ्या कातडीचा काही भाग वाचतो. जितकी कातडी वाचेल तितकी रक्तात उतरणारी दाहक द्रव्ये कमी. म्हणून पायावर ओतलेले पाणी एका अर्थाने फुप्फुसाचेही रक्षण करीत असते. मोठे क्षेत्र भाजले असेल, विशेषतः मूल असेल, तर भाजलेला भाग निववीत असताना बाकीचे अंग कोरड्या पांघरुणाने ऊबदार ठेवावे. अंग कुडकुडू लागले तर पाणी थांबवावे.

पाणी टाकून झाल्यावर जखम स्वच्छ, धुतलेल्या सुती कापडाने सैल झाकावी आणि १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असेल, उलटी होत नसेल आणि दवाखाना दूर असेल, तर जलसंजीवनीचे घोट थोडे थोडे पाजावेत. नुसते पाणी भराभर पाजू नये. गुंगीत असलेल्या, धाप लागलेल्या किंवा आवाज बसलेल्या रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नये. चेहरा भाजला असेल वा धूर गेला असेल तर रुग्णाला आडवे न निजविता टेकून बसवावे व मोकळ्या हवेत ठेवावे.

काय करू नये

भाजलेल्या जागेवर बर्फ, शाई, दंतमंजन, हळद, तूप, तेल, कच्चे अंडे, शेण, माती वा राख लावू नये. ह्या वस्तूंमुळे उष्णता कोंडते, जखमेत जंतू शिरतात आणि किती खोल भाजले आहे हे डॉक्टरांना दिसेनासे होते. जंतूंनी पोखरलेली जखम म्हणजे दाहाला नव्याने मिळालेले सरपण होय, आणि त्याची झळ पुन्हा फुप्फुसालाच लागते. फोड फोडू नयेत. घोंगडी पांघरून अंगातून घाम काढण्याचे उपाय करू नयेत.

श्वास मोजावा

रुग्णवाहिका येईपर्यंत व वाटेत कार्यकर्त्याने एक गोष्ट अवश्य करावी. रुग्णाच्या छातीकडे पाहून पूर्ण १ मिनिट श्वास मोजावेत व आकडा वेळेसह लिहून ठेवावा. निरोगी मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. वेदनेने व भीतीने श्वास काहीसा वाढतोच. परंतु तो ३० च्या घरात गेला किंवा दर वेळी वाढत चालला, तर धोका समजावा. १ ते ५ वर्षांच्या मुलात ४० व त्याहून अधिक, आणि २ महिन्यांपासून १ वर्षापर्यंतच्या बाळात ५० व त्याहून अधिक श्वास हे जलद समजले जातात. न्यूमोनियाची तपासणी करणाऱ्या आशा स्वयंसेविकांना हे आकडे परिचित आहेत.

पुढील खुणा दिसल्यास क्षणाचाही विलंब लावू नये : आवाज घोगरा होणे, घशातून घरघर ऐकू येणे, थुंकीत काजळी दिसणे, नाकातील केस वा भुवया जळलेल्या असणे, बरगड्यांमधील जागा आत ओढली जाणे, ओठ निळसर होणे, रुग्ण बरळणे वा झोपाळू होणे.

२०२० सालच्या करोनाच्या साथीनंतर बोटाला लावण्याचे प्राणवायूमापक यंत्र पुष्कळ गावांत पोहोचले आहे. धुरात सापडलेल्या रुग्णाच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले रक्त व प्राणवायूने भरलेले रक्त ह्यांतील फरक त्या साध्या यंत्राला ओळखता येत नाही. त्यामुळे रुग्ण गुदमरत असतानाही यंत्र ९८ टक्के दाखवू शकते. अशा रुग्णाला शक्य तितक्या लवकर मुखवट्यातून भरपूर प्राणवायू मिळणे हाच तातडीचा उपाय आहे. साध्या हवेत रक्तातील हा विषारी वायू निम्म्यावर येण्यास ४ ते ५ तास लागतात. शुद्ध प्राणवायूवर तेच काम साधारण १ ते दीड तासात होते.

रुग्णालयात काय केले जाते

रुग्णाला मोठ्या रुग्णालयात का न्यावे, हे घरच्यांना पटवून देणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. म्हणून तेथील उपचारांची थोडी माहिती त्याच्याजवळ असावी. पहिल्या २४ तासांत रुग्णाचे वजन व भाजलेले क्षेत्र ह्यांच्या हिशेबाने शिरेतून क्षारयुक्त द्रव दिला जातो. हिशेबाचा निम्मा भाग पहिल्या ८ तासांत द्यावयाचा असतो. हे ८ तास दवाखान्यात पोहोचल्यापासून मोजले जात नाहीत. ते भाजल्याच्या घटकेपासून मोजले जातात. म्हणूनच कार्यकर्त्याने भाजल्याची नेमकी वेळ चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावी. द्रव कमी पडला तर मूत्रपिंडे व आतडी सुकतात. अधिक झाला तर पाझरणाऱ्या फुप्फुसात तो साचतो. हा तोल लघवीचे प्रमाण तासातासाला मोजून सांभाळावा लागतो, आणि ते घरी होणे शक्य नाही.

भाजून मेलेली कातडी अंगावर राहणे म्हणजे राखेखाली निखारा राहण्यासारखे आहे. ती लवकर काढून त्या जागी चांगल्या कातडीचे रोपण करण्याची पद्धत १९७० च्या सुमारास तत्कालीन युगोस्लाव्हियातील शल्यविशारद झोरा यान्झेकोविच ह्यांच्या कार्यामुळे रूढ झाली. रुग्णाची स्वतःची कातडी पुरत नसेल तर दान केलेली कातडी तात्पुरती पांघरली जाते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सुमारे ६ तासांच्या आत त्वचादान करता येते, हेही गावोगाव सांगण्याजोगे आहे.

फुप्फुसे थकली तर कृत्रिम श्वासयंत्राचा आधार दिला जातो. पूर्वी अशा रुग्णांना मोठमोठे श्वास दिले जात. त्यामुळे ताठर फुप्फुस आणखी ताणले जाऊन फाटत असे. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ८६१ रुग्णांच्या पाहणीत असे दिसून आले की, लहान श्वास दिल्यास तीव्र श्वसनक्लेशाने होणारे मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येतात. आज जगभर हीच पद्धत पाळली जाते. दाह एकदम विझविणारे एखादे हमखास औषध मात्र उपलब्ध नाही. फुप्फुसाला वेळ मिळवून देणे, प्राणवायू पुरविणे, जखम स्वच्छ ठेवणे व आतड्यांचे पोषण लवकर सुरू करणे ह्यांवरच रुग्ण तरतो. ह्या सर्वांचा उपयोग रुग्ण वेळेवर पोहोचला तरच होतो.

आधीची काळजी

चुलीला ओटा करावा आणि स्वयंपाक करताना सुती वस्त्र वापरून पदर खोचून घ्यावा. पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतू नये. काहिलीभोवती मुलांना फिरकू देऊ नये. गंज्या घरापासून व गोठ्यापासून दूर रचाव्यात. उसाचे पाचट न जाळता सरीत पसरून कुजवावे. त्यात जमिनीचेही हित आहे आणि माणसाचेही. गोठ्याला आग लागली असता ओले फडके नाकाला बांधून आत शिरणे सुरक्षित नाही, कारण विषारी वायू फडक्याने अडत नाहीत. गुरे सहज सोडता येतील अशा गाठी व मोकळी वाट आधीपासून असणे, हाच त्यावरचा खरा उपाय.

ग्रामसभेत, महिला मंडळाच्या बैठकीत व शाळेत ही माहिती समजावून सांगावी. २० मिनिटे पाणी, स्वच्छ फडके, १०८ क्रमांक, भाजल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी आणि मोजलेला श्वास, एवढ्या पाच गोष्टी गावातील प्रत्येक घराला पाठ असाव्यात. ह्यांपैकी कशालाही पैसा लागत नाही. भाजलेल्याची कातडी सर्वांना दिसते. त्याचा श्वास पाहणारे कोणी तरी जवळ असले पाहिजे.